गेलेल्यांचा उजेड कोण वाहतो?



कीर्तनकाराला सप्ताहाचे बोलावणे येते, तसे दुःखाच्या घरचेही येते. सातारा-सांगलीच्या गावांतून फिरताना अशा कित्येक ओसऱ्यांवर मी बसलो आहे. म्हातारे माणूस पिकल्या पानासारखे गळाले तर घर रडते आणि सावरते. पण तरणा मुलगा सीमेवर गेला, पोरगी बाळंतपणात गेली, तर आई डोळ्याला पदर लावून एकच विचारते, "महाराज, एवढंच आयुष्य द्यायचं हुतं, तर जल्माला तरी कशाला घातलं?"

'चांगली माणसे देव लवकर नेतो,' असे उत्तर लोकांच्या तोंडी तयार असते. ते मला कधी पटले नाही. त्याने देवावर हिरावून नेल्याचा आळ येतो आणि मागे राहिलेल्यांच्या चांगुलपणावर संशय. प्रश्न सरळ आहे: आयुष्याची किंमत त्याच्या लांबीवर ठरते का? आज त्यासाठी आकाशातला दृष्टांत घेऊ.

मृग नक्षत्र आपण सगळेच ओळखतो. हरणाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्याच्या जवळच एक धुरकट ठिपका. तो ठिपका म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, तेजोमेघ. तिथे नवे तारे जन्मतात. तो आपल्यापासून सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर आणि सुमारे २४ प्रकाशवर्षे रुंद आहे. उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. त्याने वर्षभरात तोडलेले अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष.

याहून कितीतरी मोठे जन्मघर आपल्या आकाशगंगेबाहेर, शेजारच्या त्रिकोण दीर्घिकेत आहे. ही दीर्घिका अश्विनी नक्षत्र आणि देवयानी यांच्या मधल्या भागात दिसते. कार्तिक वद्य त्रयोदशी, माउलींच्या समाधीचा दिवस. त्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही आणि नऊ-दहाच्या सुमारास ती दीर्घिका जवळजवळ डोक्यावर येते. माण-खटावच्या किंवा जतच्या माळावर, गावच्या दिव्यांपासून लांब उभे राहिलात तर साध्या दुर्बिणीतूनही एक फिकट डाग दिसेल.

त्या डागात 'एनजीसी ६०४' या नावाचा तेजोमेघ आहे. विल्यम हर्शेल यांनी तो १७८४ साली पाहिला. मार्च २०२४ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने घेतलेली त्याची चित्रे प्रसिद्ध झाली. रुंदी तेराशे प्रकाशवर्षांच्या घरात, आणि पोटात दोनशेहून अधिक अतितप्त, थोराड तारे. त्या ताऱ्यांचे वय सुमारे ३५ लाख वर्षे. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे ही पाळण्यातली लेकरेच.

पण या लेकरांचे आयुष्य थोडे. ताऱ्याचे वजन जेवढे जास्त, तेवढा त्याच्या गाभ्यावर दाब आणि उष्णता जास्त, आणि तेवढ्या वेगाने त्याचे इंधन जळते. मोठ्या वातीचा दिवा तेल लवकर संपवतो, तसेच हे. सूर्याला एकूण सुमारे १००० कोटी वर्षे मिळतात. सूर्याच्या कित्येक पटींनी जड असलेल्या या ताऱ्यांतले सर्वांत थोर तारे ३०-४० लाख वर्षांतच संपतात. तेवढ्यात त्यांचा झोत भोवतीचा वायू दूर लोटून ढगात पोकळ्या करतो, आणि कडेला दाबल्या गेलेल्या वायूतून पुढचे तारे जन्मू शकतात. असे थोर तारे फुटतात तेव्हा पोटात घडवलेला प्राणवायू अवकाशात उधळतात. चंद्रभागेच्या पाण्याच्या प्रत्येक थेंबात जो प्राणवायू आहे, त्यातला बहुतेक कधीकाळी अशाच ताऱ्यांच्या पोटी घडला.

आता खरी गोष्ट ऐका. हा तेजोमेघ सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज आपण पाहतो तो उजेड तिथून २७ लाख वर्षांपूर्वी निघाला. ज्यांचे आयुष्यच तीस-चाळीस लाखांचे, आणि निघताना ज्यांचे वय पस्तीस लाख, त्यांतले सर्वांत मोठे तारे आज उरलेले नसणार. आपल्याला ते अजून तरणे दिसतात. गेलेल्यांचाच उजेड आपल्या डोळ्यांत पडतो आहे.

मात्र दृष्टांत एकदेशी असतो, हे आपल्या शास्त्रकारांनी आधीच बजावले आहे. तारा वजनापायी जळतो. त्याला दया नाही, निवड नाही. म्हणून 'तुमचा मुलगा ताऱ्यासारखा जगासाठी जळला' असे कोणा आईला सांगू नका. तिला तारा नको असतो. तिला मुलगा हवा असतो. आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे. ताऱ्याचा उजेड आपोआप चालत येतो. माणसाचा उजेड कुणीतरी वाहून न्यावा लागतो.

माउलींनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस. नामदेवराय ऐंशी वर्षे जगले. त्यांनी माउलींचा वियोग सोसला, समाधीचा तो प्रसंग अभंगांतून सांगितला आणि नामाचा गजर पंजाबपर्यंत नेला. एकाचे आयुष्य थोडे, दुसऱ्याचे लांब; त्या लांब आयुष्याने थोड्या आयुष्याची सेवा केली. पुढे पाचशेहून अधिक वर्षांनी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा शिंद्यांची सरदारकी सोडून आळंदीस राहिले, आणि १८३२ च्या सुमारास माउलींच्या पालखी सोहळ्याला त्यांनी आजचे रूप दिले. आजही माउलींचे अश्व अंकलीहून निघून मिरज-सांगलीवरून, सातारा जिल्ह्यातून आळंदीला जातात. लोणंदला पालखी येते, चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. एकवीस वर्षांच्या आयुष्याच्या पादुका लाखो खांदे अजून वाहत आहेत.

'माउली अवतारी, आमचे लेकरू साधे,' असे कोणी म्हणेल. माण तालुक्यातल्या एका गावचे सांगतो. फौजेतला एक मुलगा सुट्टीवर आला की गावच्या पोरांना पहाटे पळायला न्यायचा. तो गेला. आता त्याचे वडील पहाटे काठी टेकत माळावर जातात. पळता येत नाही. घड्याळ हातात धरून दगडावर बसतात आणि कोणाला किती मिनिटे लागली ते सांगतात. त्या मुलाला कधी न पाहिलेली पोरेही आता तिथे येतात.

एवढेच आयुष्य का दिले, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि आहे असे भासवणे हा त्या आईचा अपमान होईल. पण त्या आयुष्याचे मोल किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मागे राहिलेल्यांच्या हाती आहे. वाचकहो, तुमच्या घरातून कोणी अवेळी गेले असेल, तर त्याचे एखादे अर्धे राहिलेले काम शोधा. रडू आले तर रडा, नामदेवरायही रडले. मग डोळे पुसून ते काम उचला.

राम कृष्ण हरि.