लाबानाने मागितलेली वर्षे



गेल्या आठवड्यात एका दाखल्यासाठी आम्ही धर्मग्रामाची जुनी विवाह नोंदवही काढली. सत्तर वर्षांपूर्वीच्या पानांवर नवरा बावीसचा, नवरी अठराची. आज आमच्यासमोर फॉर्म भरायला बसणारी जोडपी बहुधा तिशीला टेकलेली असतात. "आजच्या मुलांना जबाबदारी नको," असे आपण पटकन म्हणतो. आम्हांला ते पटत नाही.

पूर्वी वसईच्या वाडीत सून आली की केळीला, भाजीला दोन हात वाढत. जोडप्याला घरातलीच एक खोली, चूल सासूची. आज पोट वाडीवर नाही, नोकरीवर आहे. त्यासाठी आधी शिक्षण, मग कायम होण्याची वाट, मग वीस वर्षांच्या कर्जाचा फ्लॅट. मुलीही शिकून मिळवत्या झाल्या, हे तर चांगलेच झाले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. आयर्लंडमध्ये 1845 साली बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. त्यानंतर शेतकरी जमिनीचे तुकडे करीनासे झाले. शेत एकाच मुलाला, तेही बाप हातचे सोडील तेव्हा. तो तिशी उलटेपर्यंत थांबे. भावंडे अमेरिकेला जात किंवा अविवाहित राहत. ती माणसे मिस्सा न चुकवणारी कॅथलिक होती. श्रद्धा कमी नव्हती, जमीन कमी होती.

याकोबाजवळही द्यायला श्रमाशिवाय काही नव्हते. राहेलसाठी तो सात वर्षे राबला (उत्पत्ती 29). ती वर्षे परिस्थितीने मागितली. पण नंतर लाबानाने लेआ पुढे केली आणि आणखी सात वर्षे मागितली, ती लोभाने.

आपल्या घरांत ही दुसरी सात वर्षे कोण मागते? मोठा हॉल, बँड, सोने, हजार माणसांचे जेवण! परवा एक मुलगा म्हणाला, "फादर, घराचा हप्ता जमतो, लग्नाचा खर्च जमत नाही." शेजारी बसलेली त्याची आई खाली पाहू लागली. तिला काय बोलणार? अशा मांडवांत पहिल्या रांगेत बसून आम्हीही जेवलो आहोत.

विवाह संस्काराला वधू-वर, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार लागतात. बाकीचे कमी कसे करता येईल, हे ज्यांना बोलायचे आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात यावे. मुलांनी एकट्याने येऊ नये, आई-वडिलांना घेऊन यावे.