शंकेचा फायदा कोणास?

धोका मोजणें निराळें आणि त्याचें उत्तरदायित्व पत्करणें निराळें. उत्तर इटलींतील व्हायोंत धरणाचा इतिहास पाहावा. २६२ मीटर उंचीच्या या धरणाच्या जलाशयालगत टॉक नांवाचा डोंगर आहे. त्याचा उतार सरकत असल्याचें स्थापत्यज्ञांस १९६० पासून ठाऊक होतें. तो किती सरकला याची नोंदहि ते ठेवीत. पाणी चढविलें कीं वेग वाढे, उतरविलें कीं मंदावे. यावरून डोंगर आपल्या ताब्यांत आहे, असा त्यांचा ग्रह झाला. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्रीं तो उतार जलाशयांत कोसळला. लाट भिंतीवरून उसळली आणि लाँगारोने व आसपासच्या गांवांतील सुमारें दोन हजार माणसें तिनें गिळलीं. भिंत मात्र आजहि उभी आहे!

उपकरणें खोटें बोललीं नव्हतीं. डोंगरावरील वस्ती हलविण्याचा हुकूमहि आदल्या दिवशीं निघाला होता. परंतु खोऱ्यांतील गांव रिकामें करण्यास कोणी सांगितलें नाहीं. कितीहि मोजलें तरी शंका उरतेच. तिचा फायदा कोणास द्यावा, हा प्रश्न गणिताचा नव्हे, नीतीचा आहे. ज्यांचे प्राण पणास लागलेले असतात त्यांच्या हातीं नोंदवही नसते. म्हणूनच ती राखणाऱ्यानें शंकेचा फायदा धरणास न देतां माणसांस द्यावा.