माळावरची शाळा

१८६२च्या होमस्टेड कायद्याने देऊ केलेल्या १६० एकर जमिनीसाठी अमेरिकेतली हजारो कुटुंबे नेब्रास्काच्या माळावर आली. लाकूड दुर्मीळ, म्हणून गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून त्यांनी घरे उभारली. अनेक ठिकाणी शाळाही तशीच. एकच खोली, एकच शिक्षक, सगळ्या वयांची मुले. मोठी मुले धाकट्यांचा धडा घेत. शिक्षकाच्या राहण्या-जेवणाची सोय पुष्कळदा पालकच आळीपाळीने करत. तिथल्याच बिॲट्रिस गावाजवळची विटांची फ्रीमन शाळा १८७२ ते १९६७ अशी चालली. पोटाची भ्रांत असतानाही त्या कुटुंबांनी शाळेचा भार आपला मानला. शाळा गावाच्या आस्थेवरच टिकते. आज आपल्या गावातल्या शाळेत जा आणि विचारा, काय हवे आहे?