नंबर कुठं लागला?

धाराशिव जिल्ह्यात बारावी झालेल्या मुलाला 'काय शिकणार?' असं सहसा कोणी विचारत नाही. विचारतात, 'नंबर कुठं लागला?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलाला द्यावं लागलं असतं. दुसऱ्याचं यादी देते.

'पोरगं पुण्याला आहे' एवढं गावाला पुरतं. कुठल्या कॉलेजात, कुठल्या शाखेत, वर्गात बसतं की नाही, याची चौकशी होत नाही. पुष्कळदा मिरवलं जातं ते नाव कॉलेजचं नसतंच, शहराचं असतं.

ज्या कॉलेजातून जास्तीत जास्त मुलं परत पाठवली जातात, ते मोठं. कट-ऑफचा अर्थ एवढाच. तो दाराची उंची सांगतो. आत चूल पेटते की नाही, ते सांगत नाही.

तुळजापुरात आपसिंगा रस्त्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. १९३६ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था १९८६-८७ मध्ये इथं आली. देशपातळीवरची परीक्षा देऊन दूरदूरच्या राज्यांतली मुलं या गावात येतात. त्यांना ज्याचा अभ्यास करायचा असतो, ते दुष्काळ, ऊसतोड, पाणलोट, बचत गट हे सारं इथं कुंपणाबाहेरच असतं. ज्या गावातून बाहेर पडण्याला आपण यश म्हणतो, त्याच गावात प्रवेश मिळाला म्हणून कुठल्या तरी घरात पेढे वाटले जातात. आपल्या मुलांना त्या परीक्षेची तारीख तरी माहीत असते का? ज्याला खेडं समजून घ्यायचं आहे, त्याला संस्थेच्या मुंबईतल्या देवनार परिसरापेक्षा तुळजापूर जास्त शिकवील, असं माझं मत आहे. पण 'मुंबईला असतो' हे वाक्य तुळजापूर देऊ शकत नाही.

कॉलेज मुलाशी जुळतं का, या प्रश्नात पैसाही येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढून घेतल्यावरून २०१८च्या फेब्रुवारीत याच संस्थेच्या परिसरांत संप झाला होता. मन रमलं तरी मेसचं बिल भरावंच लागतं.

मोठ्या नावाचा उस्मानिया विद्यापीठाइतका जवळचा धडा या जिल्ह्याला दुसरा नाही. हैदराबादचा निजाम असलेल्या ज्या मीर उस्मान अली खानाचं नाव धाराशिव शहराला २०२३ पर्यंत होतं, त्याच्याच नावाचं विद्यापीठ १९१८ मध्ये हैदराबादला निघालं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचा मोठा गौरव झाला. ती भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कन्नड घरांतल्या मुलांना आधी माध्यम शिकायचं, मग विषय. १९३८ मध्ये वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्यांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. उस्मानियाची भव्य इमारत आजही पाहण्यासारखी आहे. पण त्या वर्षी त्या मुलांचं विद्यापीठ नागपूरचं होतं.

कोलंबिया आणि लंडन पाहून आलेल्या बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं. मोठ्या नावाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? तरी मराठवाड्यातल्या दलित मुलाने आधी हैदराबादपर्यंत पोचून दाखवावं, अशी अट त्यांनी घातली नाही.

आता नावाच्या बाजूने. धाराशिवचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झालं, जागा १००. मुंबईचं ग्रँट वैद्यकीय १८४५चं. डॉक्टरकी रुग्ण पाहून येते, आणि ग्रँटला जोडलेल्या जे.जे. रुग्णालयाच्या वॉर्डांतल्या गर्दीची उणीव कुठल्याही इमारतीने भरून निघत नाही. तिथं नंबर लागत असेल, तर 'जवळ बरं' म्हणून सोडू नये. काही नावांत खरोखर माल असतो.

शिवाय निवड हा शब्द आपण सढळ हाताने वापरतो. २०२० पर्यंत वैद्यकीय प्रवेशात ७०:३०चं सूत्र होतं. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागाच्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं थोडी, म्हणून इथल्या मुलाला त्याच खुर्चीसाठी जास्त गुण लागायचे. निवड करणाऱ्यापुढे आधी दोन दारं उघडी असावी लागतात.

जवळचं ते जुळणारं, ही आपली सर्वांत सोयीची समजूत. जवळच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकावरचं प्लास्टिक वर्षभर निघत नाही, प्रयोगवही मागच्या वर्षीच्या मुलाची उतरवून होते, आणि हजेरी परीक्षेच्या अर्जापुरती लागते. हे कॉलेज कोणाशीच जुळत नाही. ते फक्त त्रास देत नाही.

मुलाच्या बाबतीत नाव पाहतात, मुलीच्या बाबतीत अंतर. मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी शासन भरतं. फीचं कारण गेलं, तेव्हा अंतराचं कारण उघडं पडलं. 'तिला इथंच बरं वाटतं' असं वडील सांगतात. ती शेजारी उभी असते. तिला कोणी विचारत नाही.

पसंतीक्रमाचा अर्ज ऑनलाइन सेवा केंद्रात भरला जातो. टेबलावर गेल्या वर्षीच्या कट-ऑफची छापील यादी, तिच्या कडा घामाने मऊ झालेल्या. केंद्रचालक वरून खाली बोट फिरवतो आणि एकेक कॉलेज टाकत जातो. मुलगा मागे उभा, ओटीपी सांगण्यापुरता. 'पसंती' या रकान्यात पसंती कमीच असते. असते ती उतरत्या क्रमाने लावलेली दुसऱ्यांची गर्दी. अभियांत्रिकीत तर पहिलंच नाव मिळालं की जागा गोठते, पुढच्या फेरीत हलता येत नाही. चार वर्षं जिथं काढायची, ते नाव वर कोणी लिहिलं?

नामांकित कॉलेजात शेवटच्या बाकावर बसणं आणि साध्या कॉलेजात पहिल्या बाकावर बसणं यांत काय निवडावं, असं विचारतात. शेवटच्या बाकावरून प्रश्न विचारायची ज्याची हिंमत आहे, त्याने खुशाल नामांकितात जावं. बाकीच्यांनी जिथं मास्तर नावाने हाक मारतो, ते शोधावं.

तेव्हा अर्जाची शेवटची तारीख यायच्या आधी मुलाला, आणि मुलीलाही, घेऊन ते कॉलेज पाहून या. कामाच्या दिवशी, अकराच्या सुमाराला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसू नका, तिथं चहा मिळतो. सरळ प्रयोगशाळेत जा आणि तिथं कोणी प्रयोग करत आहे का, ते बघा.