पडशी आणि पेटी

ज्येष्ठ लागला की वारकऱ्याच्या घरी खुंटीवरची पडशी खाली उतरते. दोन धोतरे, एक बंडी, टाळ, हरिपाठाची पोथी, तांब्या आणि पावसाला प्लॅस्टिकचा कागद. संपले. हल्ली दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो म्हणून काही मंडळी गादीसुद्धा बांधून आणतात, ती गोष्ट निराळी! पण खांद्याला किती पेलते हे दिवेघाटाच्या चढणीवर ज्याचे त्याला कळते. तेथे शास्त्रार्थ लागत नाही.

घरी मात्र चढण नसते, त्यामुळे ओझे कळत नाही. माळा भरतो, फडताळ भरते, खाटेखालची जागा भरते.

लोकांचे कशाला, आमचेच सांगतो. पाठशाळेत असताना आम्ही पतंजलींचे सूत्र घोकले होते. अपरिग्रह स्थिर झाला म्हणजे साधकाला आपल्या जन्माचे कसे नि कोठून हे उमगते, असा त्याचा भाव. तो आम्ही कीर्तनात चाळीस वर्षे सांगत आलो. श्रोते माना डोलावीत. आणि आमच्याच मधल्या खोलीत एक लोखंडी पेटी तीन वर्षे कुलपात पडून होती, हे श्रोत्यांस कुठे ठाऊक?

पेटी आमच्या कुटुंबाची. ती देवाघरी गेली आणि किल्ली आम्ही जानव्याला बांधली. तिला वाकळा शिवण्याचा भारी नाद. जुनेरी लुगडी, आमची विरलेली धोतरे, मुलांची अंगडी-टोपडी, शिंप्याकडच्या चिंध्या, लोकरीचे गुंडे, तोरणासाठी जमवलेले मणी नि काचेच्या नळ्या, सगळे त्या पेटीत. “पुढे लागेल,” असे म्हणून ती ठेवी. आम्ही काही न म्हणताच ठेवले.

गेल्या वर्षी वैशाखात वळीव झाला. सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, पेटीमागची भिंत ओल धरतेय. उघडून वारा देऊ का?” आम्ही एकदम खेकसलो, “तिला हात लावायचा नाही!” त्या बिचाऱ्या गप्प आत गेल्या.

त्याच रात्री आमचे कीर्तन होते आणि आख्यान कुठले, तर भागवताच्या पंचम स्कंधातले भरतराजाचे. राज्य, पुत्र, वैभव, सारे टाकून तो पुलहाश्रमात गेला. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गाभण हरिणी नदी ओलांडून गतप्राण झाली. तिचे पाडस प्रवाहातून त्याने उचलले. आता नीट पाहा हं. पाडस उचलले हा दोष नव्हे, ती दयाच. पण पुढे पाडस दिसले नाही की पूजेत चित्त लागेना. शेवटचा श्वासही त्याच्याच काळजीत गेला आणि राजा हरिणाच्या योनीत आला. एवढे मोठे राज्य सुटले, वीतभर पाडस सुटले नाही. हे बोलता बोलता आमचा हात जानव्याकडे गेला, किल्ली हाताला लागली, आणि पुढचे वाक्य आम्हांस सुचेना. टाळकऱ्यांनी नामाचा गजर धरला म्हणून निभावले.

घरी येऊन आम्ही सूनबाईंस म्हणालो, “उद्या पेटी उघडू. आमचे बोलणे मनात ठेवू नका.”

उघडली. लोकर कसरीने खाऊन तिचा नुसता भुगा राहिलेला. टोपडी बोटात धरताच फाटली. मधोमध एक अर्धी शिवलेली वाकळ, धावदोऱ्यात सुई तशीच टोचलेली, भोवती गंजाचा तांबूस डाग. आम्ही खाली बसलो. आम्ही प्रेम म्हणून जपले आणि पोसली कसर!

येथे एक सावधपणा सांगतो, कारण आवरायच्या झपाट्यात पुष्कळ घरांत भांडणे होतात. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली ही कथा आपण सारे जाणतो. पण चरित्रकार सांगतात की बुडवण्यापूर्वी अर्धी खते कान्होबांच्या वाट्याची म्हणून वेगळी काढून दिली. आपले टाकावे, दुसऱ्याचे टाकणे याला वैराग्य म्हणत नाहीत. सासूची पेटी सुनेने परस्पर भंगारात घालू नये, आणि आम्हीही ती एकट्याने निकालात काढायची नव्हती. म्हणून लेकींना बोलावणे धाडले. थोरलीने एक लुगडे नेले, धाकटीने टोपड्याचा तुकडा. मणी-नळ्या आळीतल्या पोरींनी परकराच्या ओट्यात भरून नेल्या. चिंध्या वाकळा शिवणाऱ्या एका म्हातारीला दिल्या. लोकरीचा भुगा परसात पुरला. तिचे अंगुस्तान मात्र आमच्याने देववले नाही. ते पोथीच्या दप्तरात आहे. खोटे कशाला सांगावे?

हे ऐकून एका माळकऱ्याने आम्हांस विचारले, “बोवा, मग आपण संतांच्या पादुका का हो इतक्या जपतो? त्याही वस्तूच ना?” प्रश्न खरा आहे. पण बाबा, त्या पादुका कुलपात आहेत काय? नारायणमहाराजांनी १६८५ च्या सुमारास त्या पालखीत घालून पंढरीची वाट धरली. तेव्हापासून पालखी चालते आहे आणि वाटेवरचा लेकुरवाळी, म्हातारा, गुराखी, जो येईल तो तिथे माथा टेकतो. आमच्या पेटीपुढे तीन वर्षांत कोण आले? झुरळे.

राहिलेली वाकळ सूनबाईंनी पुरी केली. त्यांचा टाका मोठा, जरा तिरका. सासूचा बारीक, सरळ. मध्ये गंजाचा डाग राहिला, धुऊनही जाईना. आषाढीला ती आमच्या दिंडीत आली. वाल्ह्याच्या मुक्कामी रात्री पाऊस लागला, तंबूत एक वृद्ध माउली कुडकुडत होती. तिच्या अंगावर वाकळ घातली. पहाटे काकड्याच्या वेळी ती घडी घालता घालता टाक्यांवरून बोट फिरवीत म्हणाली, “बोवा, ही दोघींनी शिवलीय व्हय?”

आम्ही म्हणालो, “होय. तुमच्याच जवळ असू द्या, अजून पंढरी लांब आहे.”