मेमरी किती? आधी संगीत कोणतं?

संगीतासाठी संगणक घेणारा पहिल्यांदा विचारतो, ‘रॅम किती घेऊ?’ याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं. ते घेणाऱ्याच्या स्वतःच्या कामाच्या पद्धतीत असतं.

गायक, हार्मोनियम, तबला असं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण करणाऱ्याची गरज माफक असते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला जेमतेम साडेआठ एमबी जागा घेतो. असे ४० ट्रॅक ५ मिनिटं चालले, तरी हिशेब पावणेदोन जीबीच्या आत राहतो. हे साध्या हार्ड डिस्कलाही झेपतं.

भूक वाढते ती सॅम्पल केलेल्या वाद्यांनी. पियानोची एकेक पट्टी हलक्या, मध्यम, जोरकस आघातांनी वेगवेगळी मुद्रित केलेली असते. बोट पडताच सूर उमटावा म्हणून प्रत्येक सॅम्पलची सुरुवात रॅममध्ये भरून ठेवतात. उरलेला भाग वाजता वाजता ड्राइव्हवरून येतो. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एका फेरीलाच आठ मिलिसेकंद लागतात. शेकडो तुकडे ठिकठिकाणांहून गोळा करताना तिची दमछाक होते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. त्यामुळे सुरुवातीचा तुकडा छोटा ठेवला तरी भागतं आणि रॅमही वाचते.

एकेकाळी ही जागा फारच कमी असे. १९८७च्या ई-मू एसपी-१२०० या सॅम्पलिंग यंत्रात सॅम्पलसाठी एकूण जागा होती सुमारे दहा सेकंदांची. जागा वाचावी म्हणून हिप-हॉप निर्माते ३३च्या वेगाची रेकॉर्ड ४५वर वाजवून टिपत आणि मग यंत्रात तिचा वेग उतरवत. त्यातून आलेला खरखरीतपणा त्या संगीताची ओळख झाला. म्हणून टंचाईचे गोडवे गायला नकोत. जास्त जागा त्यांनी आनंदाने घेतली असती. पण काय ठेवायचं हे त्यांना आधीच ठरवावं लागे. आज वीस टेक साठवून ‘मिक्सच्या वेळी बघू’ म्हणता येतं. जागा वाढली, पण निवडीचं काम संपलं नाही. ते फक्त लांबणीवर पडलं.

तेव्हा सरळ हिशेब असा: बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, ड्राइव्ह मात्र बाहेरून जोडता येतो. म्हणून आधी रॅम बघा. ध्वनिमुद्रणाला १६ जीबी बहुधा पुरते. सॅम्पलचा वाद्यवृंद उभा करायचा तर ३२ किंवा ६४ जीबी घ्या. उरलेल्या पैशांत दुसरा ड्राइव्ह घेऊन मुद्रणाची प्रत त्यावर ठेवा. विकत घेतलेली सॅम्पल्स पुन्हा उतरवून घेता येतात. गायकाचा गेलेला टेक परत मिळत नाही.