तो काळच तसा होता?

१४९२ साली कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला, असे आम्ही शिक्षक वर्गात सांगतो. तिथे आधीपासून ताइनो लोक नांदत होते, हे सांगायचे राहून जाते. त्यांनी पाहुणचार केला. कोलंबसाने रोजनिशीत लिहिले, की हे लोक चांगले नोकर होतील. १४९५ साली त्याने सुमारे ५०० ताइनोंना गुलाम करून स्पेनला धाडले. त्यांतले सुमारे २०० जण समुद्रातच मेले. सोन्याच्या मुलखात १४ वर्षांवरील प्रत्येकावर त्याने सोन्याचा कर बसवला.

यावर उत्तर ठरलेले असते : तो काळच तसा होता. पण त्याच काळात, १५०० साली, राणी इसाबेलाने विकलेल्या ताइनोंना सोडून परत पाठवण्याचा हुकूम काढला. १५११ साली पाद्री मोंतेसिनोस याने हिस्पॅनिओला बेटावर भर चर्चमध्ये स्पॅनिश मालकांना या जुलुमाचा जाब विचारला. म्हणजे जुलमाला जुलूम म्हणणारी माणसे तेव्हाही होती.

मग हाच तराजू आपल्या आवडत्या बादशहांसाठीही हवा. परक्याला जाब आणि आपल्याला काळाची सबब, हा इन्साफ नव्हे. साक्ष स्वतःविरुद्ध जात असली तरी खरी द्या, असे आपला दीन सांगतो. वर्गात तरी आम्ही ती द्यायला हवी.